आधी वही बघ

पोरी,

तू शाळा तपासणीच्या पथकात लागलीस हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. आनंद झालाच. पण लगेच मनात आलं, आता ही वर्गावर्गांतून फिरेल, आणि दर शाळेत कोणी ना कोणी पोरगं असं निघेल ज्याच्याकडे बोट दाखवून गुरुजी म्हणतील, "याच्या डोक्यात काही शिरत नाही, मॅडम." वजन-उंची, दात, डोळे, हिमोग्लोबिन हे तुला शिकवतील. त्या पोराचं काय करायचं, हे प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत मावत नाही. मी या जिल्ह्यात तीसेक वर्षं आरोग्य खात्यात काढली आणि या बाबतीत जे शिकले ते बहुतेक चुकून शिकले. तुला तेवढा वेळ लागू नये म्हणून लिहिते. पत्र लांबणार आहे. गाडीत वाचलंस तरी चालेल, फक्त गाडी डांबरी रस्त्यावर असताना वाच.

तुमचा हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यात, पालघरला, फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि तू. तपासायच्या तीस गोष्टींच्या यादीत शिकण्यातली अडचणही आहे, पण बरीच खाली. चार वाजता गाडी निघायची घाई झाली की यादीतलं खालचंच आधी गळतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. दात किडलेला दिसतो, खरूज दिसते. वाचता न येणं अंगावर दिसत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. पोराला काही विचारायच्या आधी त्याची वही मागून घे. आणि गुरुजी जी पुढे करतील ती नको. ती फळ्यावरून उतरवलेली असते. उतरवणं पुष्कळ पोरांना जमतं, अक्षर सुबकही असतं. तू श्रुतलेखनाची वही माग, नाहीतर शेवटच्या पानावर जिथं पोरानं आपल्या मनानं काही खरडलं असेल ते पान बघ. तिथं तो खरा सापडतो.

काय बघायचं ते सांगते. 2007 साली 'तारे जमीन पर' हा सिनेमा आला आणि लोकांना कळलं की उलटी अक्षरं म्हणजे डिसलेक्सिया. चांगलंच झालं, निदान शब्द तरी कानावर पडला. पण तो इंग्रजी अक्षरांचा मामला. आपल्या लिपीत पोरगं वेगळ्या जागी अडखळतं. पहिली वेलांटी घे. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी. रफाराचं उलटं: 'सूर्य' मध्ये र् आधी ऐकू येतो आणि लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. सरावानं आपल्याला हे जाणवत नाही. ज्याच्या मेंदूला आवाज सुटा करून त्याला अक्षर चिकटवणं जड जातं, तो नेमका इथं घसरतो. भ-म, घ-ध, ब-व यांची अदलाबदल होते, काना गळतो, जोडाक्षर फुटतं, एक अख्खं अक्षर नाहीसं होतं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे एकाच पानावर तोच शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो. ज्याला शिकवलंच गेलं नाही, तो सहसा एकाच पद्धतीनं चुकतो.

ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसू नकोस. त्यावर शिक्का मारायचा तर निम्मं आरोग्य खातं अडकेल, मी धरून.

आणि आपली बोली. हे नागपूर-मुंबईचे मोठे डॉक्टर तुला सांगणार नाहीत, कारण ते आपल्या झाडीपट्टीत वाढलेले नाहीत. आपल्या पोराच्या घरात ण नाही, ळ नाही, श-ष नाही. पाणी ते पानी, डोळा तो डोरा. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीवर पुस्तकं लिहिली, ती चुकीची मराठी नाही हे पटवून देण्यात उमर घातली. तुमसर-मोहाडीकडे कित्येक घरांत पोवारी बोलतात, कुठं गोंडी, सीमेकडे हिंदी. असं पोरगं 'पानी' लिहितं तेव्हा ते जे ऐकतं तेच प्रामाणिकपणे लिहितं. उलट त्याचा कान चांगला आहे असं समज. 'पानी' ची काळजी करू नको. 'नापी', 'पणी', 'पा' अशी तीन रूपं दिसली तर थांब. घरी काय बोलता हे आईला विचार आणि कागदावर पहिल्या ओळीत लिही. पुढे जो कोणी चाचणी घेईल, त्याला त्या एका ओळीचा तुझ्या बाकीच्या सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त उपयोग होईल.

वहीनंतर पुस्तक. तिसरीतल्या पोराला तिसरीचं पुस्तक सगळ्यांसमोर वाचायला लावू नकोस. व्हरांड्यात घे, जवळ बस, आणि पहिलीच्या बालभारतीपासून सुरू कर. पाठ झालेला धडा पोरं घडाघडा म्हणतात, बोट भलत्याच ओळीवर असतं. म्हणून मधला एखादा शब्द झाकून खालचा वाच म्हण. मग तोच मजकूर तू वाचून दाखव आणि त्यावर प्रश्न विचार. वाचताना घामाघूम झालेलं पोरगं ऐकून बरोबर उत्तर देत असेल, गोष्ट पुढे नेत असेल, तर त्याची समज शाबूत आहे. अडचण कागद आणि मेंदूच्या मधल्या वाटेवर आहे. इंग्लंडातल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरनं 1896 साली पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं: तोंडी हुशार, आणि स्वतःचं नाव लिहिताना मात्र मधली अक्षरं इकडची तिकडे. आपल्या राज्यानं अशा मुलांना परीक्षेत सवलत द्यायला सुरुवात केली 1996 साली. देशात पहिलं राज्य म्हणून आपण मिरवतो, मिरवावंही. मधली शंभर वर्षं मात्र मोजून बघ.

अंकांचंही तसंच. 'पंचवीस' ऐकलं की पाच आधी ऐकू येतात, म्हणून पोरगं 52 लिहितं. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचायची सोय दिली तर केवढा गहजब झाला होता, आठवतं? मंगला नारळीकरांनी किती समजावून सांगितलं. मला तर वाटलं होतं, आमच्या व्हरांड्यातली पोरं कोणाला तरी दिसली. असो. दुसरीपर्यंत अशी उलटापालट पुष्कळांची होते. चौथीतही होत असेल, सातात तीन मिळवायला बोटं लागत असतील आणि दुकानातून उरलेले पैसे किती आणायचे हे कळत नसेल, तर नोंद कर.

आता माझी चूक सांगते.

1994 च्या आसपासची गोष्ट. शालेय आरोग्य तपासणी होती, दिवसाला दोन शाळा. गाव आणि शाळा सांगत नाही. चौथीतला एक पोट्टा, धड एक ओळ वाचेना. गुरुजी म्हणाले, मंद आहे. मी त्याचं वजन केलं, जीभ बघितली, आणि रजिस्टरात शेरा लिहिला: मंदबुद्धी. कशाच्या आधारावर? गुरुजी म्हणाले म्हणून. एक रकाना भरला, पुढच्या गावाला गेले.

वीस-बावीस वर्षांनी, माझी नोकरी संपत आली तेव्हा, एक माणूस तिसरीतल्या मुलीला घेऊन केंद्रावर आला. बाजाराच्या गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. पोरीला वाचता येत नाही म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. "बाई, तुमीच माह्या नावापुढं लिवलं होतं. माले वाचता येत नोव्हतं, पर गुरुजीनं साऱ्या वर्गात वाचून दाखवलं." रागानं बोलला नाही. पोरीचं नाव त्या रकान्यात जाऊ नये एवढंच त्याला हवं होतं.

मी मनात निदान करून टाकलं. बापाला होतं, पोरीला आलं; घराण्यात उतरतं हे खरंच आहे. तरी त्या दिवशी भीतीनं म्हण, आधी कान बघितला. टॉर्च मारली तर उजव्या कानात पू. तळ्यात डुंबायची सवय, दरवर्षी कान फुटायचा, दरवर्षी घरचे लसणाचं तेल टाकायचे. दुसऱ्या कानानंही कमी ऐकू येत होतं. वर्गात मागच्या रांगेत बसून तिला निम्मे आवाज पोचतच नव्हते. क आणि ख तिला एकच. कानाच्या डॉक्टरांकडे गेली, उपचार झाला, पहिल्या बाकावर बसवली. वर्षभरात वाचायला लागली, सावकाश, पण लागली. बापाला जे होतं ते पोरीला नव्हतंच. म्हणजे एकाच घरात मी दोनदा चुकले असते.

तेव्हापासून माझा क्रम ठरला, तोच तू ठेव. आधी कान आणि डोळे. पाठीमागे उभी राहून हळू आवाजात नावं घे, आणि सहा मीटरवरचा तक्ता खरोखर सहा मीटरवर लाव. खोली लहान म्हणून चार मीटरवर लावतात आणि सगळ्यांचे डोळे उत्तम निघतात. मग रक्त. आपल्या पट्ट्यात सिकलसेल किती आहे हे तुला सांगायला नको. सिकलसेलच्या पोरांत सांधे दुखतात, शाळा बुडते, एवढंच आपण धरतो. पण कधी कधी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबून छोटे छोटे भाग निकामी होतात. झटका नाही, लकवा नाही, बाहेरून काही कळत नाही. लक्ष टिकत नाही आणि काम मंदावतं, एवढीच खूण. मागे पडलेल्या पोराची सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी झाली आहे का हे कार्डावर बघ, नसेल तर करून घे. तिसरं, ते पोरगं मधेच पाच-दहा सेकंद टक लावून हरवतं का, हाक मारली तरी उत्तर नाही आणि मग जणू काही झालंच नाही असं पुढे चालू? ती फिट असू शकते. गुरुजी त्याला 'लक्ष नाही' म्हणतात आणि छडी उगारतात.

आणि हजेरीपट. हा कोणी बघत नाही. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मग तेंदूपत्ता, आषाढात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धान कापणी, काही घरं तर कामासाठी नागपूरकडे महिनोन्‌महिने. जे पोरगं वर्गात बसलंच नाही त्याला अक्षमता आहे की नाही हे ठरवायचं कसं? कोविडनं तर अख्खी पिढीच अशी करून ठेवली. त्यांना आधी दोन-तीन महिने नीट शिकवायचं, मग पुन्हा वही बघायची. शिकवून हललं तर ते शाळेचं काम होतं. जिवापाड शिकवूनही हललं नाही तर आपलं.

आता आईबापांशी बोलायचं. इथं जीभ सांभाळ. आपल्याकडे 'अक्षमता' म्हटलं की लोकांना 'मतिमंद' च ऐकू येतं आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगं शाळेत येत नाही. दोन्हींतला फरक घरच्या उदाहरणानं सांग. बौद्धिक अक्षमतेत समज, बोलणं, अंघोळ-कपडे, व्यवहार हे सगळंच वयापेक्षा मागे असतं. अध्ययन अक्षमतेत बाकी सगळं वयाप्रमाणे असतं आणि वाचणं, लिहिणं किंवा गणित एवढंच अडतं. पोरगा सायकलचं पंक्चर काढतो, दंडारीतली अख्खी सोंगं पाठ म्हणतो, आणि चिठ्ठी वाचू शकत नाही. असं सांगितलं की बाप एकदम गप्प होतो, आणि थोड्या वेळानं म्हणतो, "माहंही तसंच होतं." ते लिहून घे. पण निदान तू सांगू नकोस. "वाचायला जड जातंय, का ते मोठ्या डॉक्टरांकडून बघून घेऊ," एवढंच. आइन्स्टाइनलाही हेच होतं असंही सांगू नकोस. ती गोष्ट पक्की नाही, आणि आईबापांना आइन्स्टाइन नको असतो, सातवी पास झालेला पोरगा हवा असतो.

पुढचं काम जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचं आणि वैद्यकीय मंडळाचं. पाठवण्याआधी फोन कर. मानसशास्त्रज्ञ आहेत का, कोणत्या वारी बसतात, की नागपूरलाच जावं लागेल. लाखांदूरच्या टोकावरचा माणूस रोजी बुडवून दोन बस बदलून येतो आणि दार बंद दिसतं. तो दुसऱ्यांदा येत नाही. त्याला दोष देऊ नकोस.

चाचणीच्या दिवशी काय होतं ते घरच्यांना आधीच सांगून ठेव. आधी बालरोगतज्ज्ञ बघतात: जन्माची हकिगत, कान, डोळे, मेंदू-नसा. मग बुद्ध्यांक. त्यासाठीची भारतीय मुलांची चाचणी आपल्या शेजारीच तयार झाली, नागपुरात. आर्थर मालिन यांनी 1969 साली अमेरिकेतली वेक्सलरची चाचणी इथल्या मुलांसाठी बदलून घेतली, आणि देशभर अजून तिचं नाव चालतं. प्रश्नोत्तरं, शब्दार्थ, आकडे लक्षात ठेवणं, ठोकळे जुळवणं, कोडी. जुनी झाली आहे, हे खरं. पन्नास वर्षांपूर्वीच्या पोरांवर बेतलेली फूटपट्टी आजच्या पोरांना लावायची म्हणजे जपूनच. बुद्ध्यांक ठीक निघाला तर वाचन, शुद्धलेखन, गणित, लक्ष, स्मरण यांची चाचणी होते. त्यासाठी बंगळुरूच्या निम्हान्सची ठरलेली आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 मध्ये 'डाली' नावाची काढली, ती मराठीतही आहे. पोरगं मराठी शाळेतलं असेल तर चाचणी मराठीतून घ्या असं म्हणायला लाजायचं नाही, हे आईला दोनदा सांग. इंग्रजी परिच्छेद वाचता आला नाही यात आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराचं काहीच सिद्ध होत नाही.

बाकी छोट्या गोष्टी, पण यांवरच दिवस जातो किंवा राहतो. पोटभर जेवून जायचं. दवाखाना म्हटलं की रक्त काढतील म्हणून लोक पोराला उपाशी आणतात. पहाटे चारला उठवून बसमध्ये उलट्या करत आणलेलं पोरगं काय ठोकळे जुळवणार? नागपूरला नातेवाईक असेल तर आदल्या रात्री मुक्काम करा म्हणावं. चष्मा असेल तर घेऊन. "नीट सांगितलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं म्हणायचं नाही. खोलीत आईनं उत्तर पुरवायचं नाही. माझ्यासमोर एका आजीनं नातवाचे निम्मे प्रश्न सोडवले होते आणि फार खूश होती. एका दिवसात संपलंच पाहिजे असंही नाही, दोन-तीन बैठका लागतात. सोबत लसीकरणाचं कार्ड, प्रगतिपुस्तकं, गुरुजींचं पत्र, आणि ती वही. श्रुतलेखनाची. ती विसरली म्हणून मी पोरगं बसस्टँडवरून परत पाठवलं आहे.

कागदांचं. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात ही अडचण नव्हतीच. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात ही आली, आपला सिकलसेलही आला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शाळेनं तिसरीत किंवा आठव्या वर्षी चाळणी करायची. आठ वर्षांच्या आत प्रमाणपत्र नाही. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि अठराव्या वर्षीचं कायमचं. लोक तिसरीतला कागद पेटीत ठेवतात आणि दहावीच्या फॉर्मच्या वेळी काढतात, तेव्हा मुदत गेलेली असते. चौदावं कधी लागतं ते कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरताना आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः एक असू दे. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीवरून अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. शुद्धलेखनाच्या अडचणीचा अर्ज शुद्धलेखनावरून अडला, यावर आम्ही केंद्रात बसून खूप हसलो होतो.

काही घरं प्रमाणपत्र नको म्हणतात. पोरीचं लग्न, लोक काय म्हणतील. त्यांच्याशी भांडू नकोस. हा कागद कशाला लागतो तेवढं सांग. दहावी-बारावीत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, खालच्या इयत्तेतला लेखनिक मिळतो, गणितात कॅल्क्युलेटर. अर्ज शाळेमार्फत नागपूरच्या विभागीय मंडळाकडे, वेळेत. कागद कोणाला दाखवायचा हे त्यांच्या हातात आहे. आणि चाळीस टक्क्यांच्या खाली आलं म्हणून कोणी हात झटकले तर सांग, 11 फेब्रुवारी 2021 ला सुप्रीम कोर्टानं विकास कुमार यांच्या प्रकरणात म्हटलं आहे की लेखनिक नाकारायला चाळीस टक्क्यांची रेघ पुरेशी नाही. हाताला पेटके येऊन लिहिता न येणारा तो उमेदवार होता.

प्रमाणपत्रानं वाचता येत नाही, हेही त्याच दमात सांग. यावर गोळी नाही, टॉनिक नाही. ब्राह्मीच्या बाटल्या विकणाऱ्यांना पैसे देऊ नका म्हणावं. सोबत चंचलपणाचा आजार असेल तर त्याला औषध असतं, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. वाचनाला लागते रोजची वीस मिनिटं, वर्षानुवर्षं. त्या सिनेमात एक शिक्षक येतो आणि रंगांच्या स्पर्धेपर्यंत सगळं मार्गी लागतं. आपल्याकडे गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक येतात, त्यांच्याकडे अख्खा तालुका असतो. म्हणून घरच्यांना काहीतरी हातात दे. परातीत तांदूळ पसरून त्यावर बोटानं अक्षर काढायचं, काढताना मोठ्यानं म्हणायचं. शब्द टाळ्यांवर तोडायचा. मोठ्या बहिणीनं वाचायचं, यानं बोट ठेवून मागोमाग वाचायचं. एकक-दशकासाठी मी धानच वापरायची: सुट्या काड्या, दहांची पेंढी, दहा पेंढ्यांचा भारा. ज्या पोराला शंभर कळत नव्हते, त्याला पुंजण्यात किती भारे रचले हे बरोबर ठाऊक असायचं. मारायचं नाही, आणि "धाकटा बघ कसा वाचतो" हे तर मारण्याहून वाईट.

एक राहिलं. गुरुजी ज्यांना पुढे करतात ते बहुधा पोट्टे असतात, कारण ते त्रास देतात. पोट्टी गप्प बसते, फळ्यावरचं सुबक उतरवते, मधल्या सुट्टीत खिचडी वाढायला मदत करते आणि सातवीनंतर घरी बसते. कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून यादी घेतलीस की गुरुजींना विचार, "आणि मुलींपैकी कोण?" ते म्हणतील, मुली सगळ्या चांगल्या आहेत. मग मागच्या रांगेतल्या दोन-तीन वह्या स्वतः उचल.

तुझ्या आईच्या हाती एक पिशवी पाठवते आहे. त्यात टॉर्च आहे, सेल नवे टाकले आहेत. मोजायला चिंचोक्यांची डबी आहे. आणि बालभारतीची पहिली ते चौथीची पुस्तकं. पहिलीच्या पुस्तकाचं मलपृष्ठ उंदरानं खाल्लं आहे, बाकी पानं सगळी आहेत.